नानांची चाल

भुसावळ,
आखाजीचा दुसरा दिवस

प्रिय भो,

तीन वर्षं झाली. तुझे नाना गेले तेव्हा हैदराबादच्या अ‍ॅनिमेशन सिनेमाचा शॉट सोमवारी द्यायचा होता म्हणून मी आलो नाही, आणि नंतर तुझ्यासमोर उभं राहायला तोंड नव्हतं म्हणून फोनही केला नाही. काल इथे एक गोष्ट घडली. ती तुझ्याशिवाय कोणाला सांगू? फोनवर तू 'हं, हं' करून ठेवून देशील, म्हणून लिहितोय. तब्येत ठीक आहे. आईही बरी. चष्म्याचा नंबर तेवढा वाढलाय.

काल आईने घागर भरली, वर डांगर ठेवलं, आपल्या पितरांसोबत नानांचंही नाव घेतलं. दुपारी बहिणीचा पोरगा ओट्यावर मोबाइलवर गेम खेळत बसला होता. आमच्याच स्टुडिओचा. त्यात एका गावात कंदील घेऊन फिरणारा म्हातारा आहे. आई सांजोऱ्यांचं ताट घेऊन आली, वाकून स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "हे नाना चालून राहिले का रे?"

हो भो, नानाच आहेत ते. तुला न विचारता घेतले मी.

रेल्वेच्या शेडचा भोंगा झाला की आपण गेटवर उभे राहायचो. पन्नास माणसं एकदम बाहेर पडायची, सगळ्यांचे कपडे सारखेच काळे, तरी तू लांबूनच ओळखायचास. चालीवरून. डावा गुडघा वाकायचाच नाही, पाय कमरेतून फिरवून पुढे यायचा. दुखऱ्या पायावर भार कमी वेळ द्यायचा म्हणून उजवं पाऊल घाईने पडायचं. आणि उजव्या हातातला डबा मात्र जराही हलायचा नाही. साधा माणूस चालवताना सेकंदाची 24 चित्रं धरून प्रत्येक पावलाला 12 देतात. नानांच्या डाव्या पावलाला मी 16 दिली, उजव्याला 10. त्या दोन आकड्यांपर्यंत पोचायला मला वीस वर्षं लागली.

मुंबईत पहिल्यांदा प्रयत्न केला होता, लाइटबॉक्सच्या खालून उजेड येणाऱ्या काचेवर, कागदावर. मसाल्याची जाहिरात, तीस सेकंदांची. टीव्हीला सेकंदाची 25 चित्रं, म्हणजे सगळी मिळून 750. त्यातले तीन सेकंद आजोबांचे. क्लायंट म्हणाला, लंगडा माणूस नको, आणि कागद गठ्ठ्यात गेले. हैदराबादेत आठवड्याला जेमतेम दोन-तीन सेकंदांचं काम निघायचं, पण प्रत्येक पापणीचा हिशेब दिग्दर्शकाचा. तिथे नाना स्टेशनवरच्या गर्दीत मागे कुठेतरी होते. आईने तो सिनेमा दोनदा पाहिला, तिला दिसले नाहीत.

(घोड्यावरून आपण टांगा स्टँडवर भांडलो होतो, आठवतं? तू म्हणायचास पळताना चारही पाय हवेत असतात, आणि मी तुला खोटारडा म्हणालो होतो. मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने 1878 सालीच फोटो काढून ते दाखवलेलं आहे. पण पाय ताणलेले नसतात, पोटाखाली गोळा झालेले असतात, आणि तू ते ताणून दाखवले होतेस! म्हणजे अर्धा तू जिंकलास. तुझ्या बीजगणिताच्या वहीच्या कोपऱ्यांत मी तोच घोडा पळवला आणि मार तू खाल्लास, त्याचा हिशेब अजून बाकी आहे.)

गेमचं काम निराळं. चालीचं शेवटचं चित्र पहिल्याला असं जुळवावं लागतं की सांधा दिसता कामा नये. मग पावलं संपतच नाहीत. मला तेच हवं होतं, भो. नाना चालत राहावेत. पण गेममध्ये पुढे काय होणार ते खेळणाऱ्याच्या बोटात असतं. काल पोराने त्यांना ढकललं, पुन्हा ढकललं, ते धडपडून सावरायचे आणि हा हसायचा. पोरगं वाईट नाही. त्याच्यासाठी तो गेममधला म्हातारा. मी उठून मागच्या अंगणात गेलो. ऊन पंचेचाळीसचं, पाय भाजत होते तरी तिथेच उभा राहिलो.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. दुसऱ्या भागात कंदीलवाला मरतो. ते मला करायला सांगितलंय. मी नाही म्हणालो तर ते रॅगडॉलवर सोडतील. म्हणजे हाडं सैल करायची आणि बाकी सगळं गणितावर सोडायचं. मग माणूस पडतो तो ट्रॅक्टरवरून कापसाचं गाठोडं पडावं तसा, हात कुठे, मान कुठे. नानांना तसं पडू देणार नाही मी. आणि स्वतः करायला बसलो की पहिल्याच चित्राला हात थांबतो. आठ दिवस फाईल उघडून बंद करतोय.

तुझी इटारसीची बदली रद्द झाली का? वहिनींची शाळा कशी चाललीय? काकूंना नमस्कार सांग. थंडीत ये, बामणोदची वांगी आणून भरीत करू.

तू नको म्हणालास तर मी त्यांना सांगेन की म्हातारा मरत नाही, पहाटे गाव सोडून निघून जातो. पाठमोरे जाताना करीन मी नानांना, तेवढं जमेल. हो म्हणालास तर ते पडणार नाहीत, बसतील. पण त्यासाठी मला तुझ्याकडून एक हवंय. त्या संध्याकाळी ते ओट्यावर बसले तेव्हा तू समोर होतास. आधी हात गुडघ्यावर ठेवला की भिंतीला? डावा पाय लांब केला, की तसाच राहिला? आठवत नसेल तर एकदा उभा राहून, तसं बसून बघ, आणि मग लिही.

तुझाच