अजून चार दिवस थांब

प्रिय मंदार,

"चार दिवस झाले, बीपी जागचं हलत नाही, आता दोन गोळ्या घेऊ का?" हे वाचल्याबरोबर तुला फोन लावला. उचलला नाहीस, म्हणून लिहायला बसलो. उत्तर आधी देतो: नको. डॉक्टरांनी सांगितली तेवढीच, रोज ठरल्या वेळी.

तुला दिलंय ते अॅम्लोडिपिन भलतंच निवांत औषध आहे. लहान आतड्यातून रक्तात शिरतं, पण ते रक्त थेट हृदयाकडे जात नाही, आधी यकृतातून जातं. यकृत म्हणजे जकात नाकाच, आल्या मालातला आपला वाटा काढून घेतल्याशिवाय पुढे सोडत नाही. काही औषधांची तिथे पार वाट लागते. छातीत कळ आली की घेतात ते नायट्रोग्लिसरिन गिळलं तर बहुतेक सगळं तिथेच संपतं, म्हणून ती गोळी जिभेखाली ठेवतात. तिथलं रक्त नाका चुकवून जातं. तुझ्या गोळीचा मात्र अर्ध्याहून जास्त माल सुटतो आणि सहा ते बारा तासांनी रक्तात भरात येतो.

खरी गंमत पुढे आहे. हे औषध रक्तात निम्मं व्हायला ३० ते ५० तास लागतात. आपण ४० धरू. म्हणजे चोवीस तासांनी शंभरातले ६६ भाग शिल्लक. दुसऱ्या दिवशी वर १०० पडले, झाले १६६. त्याचे उरले ११०, वर १००, तिसऱ्या दिवशी २१०. चौथ्या दिवशी २३८ च्या आसपास. असं करत करत साधारण २९० ला येऊन थांबतं, कारण तेव्हा रोज जितकं पडतं तितकंच रोज बाहेर जातं. या पातळीला यायला आठवडाभर लागतो. तू बीपी मोजलंस ते वाटेत असतानाच! आज डोस दुप्पट केलास तर आज फारसं काही होणारही नाही, आणि त्याचंच मला भय वाटतं. तुला वाटेल पचलं. मग पुढच्या आठवड्यात खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येईल आणि ती कशाने आली हे तुझ्या लक्षातही येणार नाही.

"गोळीला कसं कळतं कुठे जायचं?" असं विचारलंयस. काही कळत नाही रे. ती कानाच्या पाळीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळीकडे हिंडते. रोहिण्यांच्या, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्यांच्या, भिंतीतल्या स्नायूला आवळायला कॅल्शियम लागतं. ते ज्या दारांतून आत येतं, तिथे ही जाऊन बसते, म्हणून स्नायू सैल पडतो. संध्याकाळी मोज्याचा वळ उमटतो म्हणालास, तोही बहुधा तिचाच प्रताप. बारीक रोहिण्या सैलावतात, रक्त परत नेणाऱ्या शिरा तितक्या सैलावत नाहीत, मग केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं आणि घोट्याशी साचतं.

बाबांच्या अॅस्पिरिनचा स्वभाव याच्या अगदी उलट. ती स्वतः वीसेक मिनिटांत रक्तात निम्मी होते. पण जाता जाता प्लेटलेटमधलं, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशीतलं, एक एन्झाइम कायमचं बंद पाडून जाते. प्लेटलेटला केंद्रकच नसतं, ती नवं एन्झाइम बनवणार कुठून? ८-१० दिवसांचं तिचं आयुष्य, ते तसंच काढते. तेव्हा दात काढायला नेशील तेव्हा "आज सकाळी घेतली नाही" एवढ्यावर भागवू नकोस, रोज घेतात हे डेंटिस्टला आधीच सांग. आणि परस्पर बंदही करू नकोस, ती का चालू आहे ते त्यांचे डॉक्टर जाणतात.

आज संध्याकाळी घोट्यावर अंगठा जरा दाबून बघ, खळगा राहतो का. राहिला तर तसं डॉक्टरांना सांग. आणि चार दिवसांनी सकाळी, गोळी घेण्याआधी, पाच मिनिटं शांत बसून बीपी मोज. दोन्ही आकडे मला कळव. आणि फोन उचलत जा.

तुझा,
अविनाश