बाबा, त्या भिंतीच्या आवाजाबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फ्लॅट बघून निघताना बाबांनी हॉलच्या भिंतीवर बोटांनी दोनदा टकटक केलं, कान देऊन ऐकलं आणि काही न बोलता लिफ्टकडे गेले. मी तेव्हा विचारलं नाही. काल फोनवर आई म्हणाली, "त्यांना ती भिंत पोकळ वाटते गं. असल्या भिंतींवर वीस मजले उभे आहेत, हे काही त्यांच्या मनातून जात नाही." फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तो आवाज ऐकायला मला तुम्हीच शिकवलंत. आपल्या घराचं काम चालू असताना विटांची गाडी आली की तुम्ही दोन विटा एकमेकींवर आपटून बघायचात. खणखणीत वाजली तर नीट भाजलेली, भद्द वाजली तर बाजूला. मी आठ वर्षांची होते आणि बाजूला काढलेल्या विटा रचायचं काम माझ्याकडे होतं. त्या कसोटीला फ्लॅटची भिंत उतरणार नाहीच, कारण ती विटांची नाही, हलक्या ब्लॉकची आहे. सिमेंट, चुना आणि राखेच्या लगद्यात ॲल्युमिनियमची भुकटी घालून तो फुगवतात, आत बारीक बारीक हवेची छिद्रं राहतात, मग वाफेच्या दाबाखाली पक्का करतात. सुका ब्लॉक पाण्यात टाकला तर तरंगतो. विटेच्या मानाने वजन साधारण एक तृतीयांश.

इतकी हलकी भिंत मुद्दाम घालतात, कारण तिने वरचं काही पेलायचं नसतं. आपल्या घरी भिंत म्हणजेच घर. स्लॅबचा भार नऊ इंची भिंतींवर, भिंतींचा पायावर, पायाचा जमिनीवर. म्हणूनच वरची खोली चढवताना तुम्ही भिंतीवर भिंत येईल असाच नकाशा काढायला लावलात आणि मधली भिंत पाडायचं कुणाला नावही काढू दिलं नाहीत. इमारतीत सगळं काम सांगाड्याचं. स्लॅब बीमवर, बीम कॉलमवर, कॉलम पायावर. भिंती मागाहून येतात, आडोशापुरत्या. त्या जड केल्या तर ते जादा ओझं सगळं तळाच्या कॉलमवर येऊन पडतं.

तुम्हाला हिशेब आवडतो म्हणून मांडते. पहिल्या अंदाजाला आम्ही इंजिनिअर एका मजल्याचं वजन, माणसं-सामान धरून, चौरस मीटरला एक टन धरतो. एका कॉलमच्या वाट्याला दर मजल्याचा २५ चौरस मीटरचा तुकडा आला, तर वीस मजल्यांचे ५०० टन त्या एका कॉलमवर. विटांच्या भिंतींवर एवढं उंच जायचं म्हटलं तर काय करावं लागतं, ते शिकागोत अजून बघायला मिळतं. तिथल्या मोनॅडनॉक इमारतीचा उत्तरेकडचा भाग १८९१ साली उभा राहिला, १६ मजली, बाहेरच्या भिंती भार घेणाऱ्या, विटांच्याच. तळाशी त्या भिंती ६ फूट जाड आहेत. खालच्या मजल्याची किती जागा नुसत्या भिंतीने खाल्ली असेल, विचार करा.

पार्किंगमध्ये तुम्ही मान वर करून बराच वेळ बघत होतात. खाली नुसते खांब आणि वर भिंतींनी भरलेले मजले, हे तुम्हाला खटकलं असणार, आणि बाबा, ते खटकायलाच हवं. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचं केंद्र भुजजवळ होतं, पण दोनशे किलोमीटरहून जास्त दूर असलेल्या अहमदाबादेत इमारती कोसळल्या. त्यांत पुष्कळ अशाच होत्या, तळमजला पार्किंगसाठी मोकळा. वरचे मजले भिंतींमुळे ताठ राहतात, खालचा एकटा लवचिक, मग सगळा हेलकावा त्याच खांबांवर येतो. आपल्या ठेंगण्या घराला वाऱ्याचा विचार फारसा करावा लागला नाही. भूकंपासाठी तुम्ही लिंटेलच्या, म्हणजे दार-खिडक्यांच्या माथ्याच्या, पातळीवर सगळ्या भिंतींवरून काँक्रीटचा सलग पट्टा फिरवलात, तेवढ्याने चार भिंती एकमेकींना धरून राहतात. उंच इमारतीत मात्र आडव्या जोराचा विचार उभ्या भाराइतकाच करावा लागतो. तुम्ही घेणार आहात त्या इमारतीचे नकाशे मी मागून घेतले आणि पहिल्यांदा तेच पाहिलं. लिफ्ट आणि जिन्याभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती पायापासून गच्चीपर्यंत सलग आहेत, पार्किंगमध्येही कुठे तुटलेल्या नाहीत. हे नसतं, तर मी तुम्हाला तो फ्लॅट घेऊ दिला नसता.

आपल्या घराचा स्लॅब पडला तो दिवस मला अजून दिसतो. घमेली हातोहात वर जात होती, तुम्ही फळीवर उभं राहून सळया तळाला टेकू नयेत म्हणून त्यांच्याखाली ठेवलेले कव्हर ब्लॉक तपासत होतात. दुसऱ्या दिवसापासून वाफे बांधून स्लॅबवर पाणी भरून ठेवलंत, आणि चौदा दिवस होईपर्यंत सेंट्रिंगला कुणाला हात लावू दिला नाहीत. माझ्या साइटवर मी तेच करते, फक्त वर लगेच पुढचा मजला येत असतो. नव्या ओल्या स्लॅबचे टेकू खालच्या स्लॅबवर उभे राहतात, आणि तो खालचाही अजून कोवळाच असतो. म्हणून एकाखाली एक दोन-तीन मजल्यांचे टेकू तसेच ठेवावे लागतात. काँक्रीट ओतताना त्यातलंच थोडं १५ सेंटिमीटरच्या चौकोनी साच्यात भरतो, पाण्यात ठेवतो आणि २८ व्या दिवशी यंत्रात दाबून फोडतो. फुटताना तो ठोकळा आधी बारीक कुरकुरतो आणि मग एकदम आवाज होतो. आकडा लिहायच्या आधी मी दर वेळी तो आवाज ऐकते. तुमच्या विटांची आठवण येते.

आता आई, तुझा ओटा. तुला सिंक बाल्कनीच्या बाजूला हवंय, म्हणजे काम करताना उजेड येईल. आपल्या घरी तू गवंडीकाकांना "खिडकी फूटभर डावीकडे घ्या" म्हणालीस आणि त्यांनी त्याच दुपारी घेतली. घर बांधताना अशी मुभा असते. इमारतीत वीस स्वयंपाकघरं एकाखाली एक असतात आणि सांडपाण्याचा उभा पाइप त्या सगळ्यांमधून एकाच रेषेत खाली जातो. तुझं सिंक तिथून लांब नेलं तर आडवा पाइप उतार देऊन न्यावा लागेल, तो खालच्या घराच्या छताशी येईल, आणि पुढे कधी गळला तर त्यांच्या घरात गळेल. पाइपसाठी भोक पाडायचं तरी स्लॅबमधल्या सळया कुठे आहेत ते बघितल्याशिवाय पाडता येत नाही.

हे मी इतकं जीव तोडून सांगते, कारण माझ्याच एका साइटवर बाथरूमच्या पाइपसाठी स्लॅबमध्ये सोडायची जागा चुकीच्या ठिकाणी सोडली गेली. लक्षात आलं तेव्हा सहा मजले झाले होते, म्हणजे तीच चूक सहादा. घरात एकदा चुकलं की एकदाच चुकतं. डिझायनरची लेखी परवानगी घेऊन मशिनने गोल काप काढला, तेव्हा काँक्रीटच्या त्या वाटोळ्या तुकड्याच्या कडेला सळईचं कापलेलं चकचकीत टोक दिसत होतं. मला त्या रात्री झोप लागली नाही. ओटा आहे तिथेच राहू दे, आई. उजेडासाठी मधल्या भिंतीला काचेचं झरोक्यासारखं दार करता येईल, त्या भिंतीत पाइपही नाही आणि सळईही नाही. मात्र तेही सोसायटीला लेखी कळवून.

पाण्याच्या जोराबद्दल विचारलं होतंस. दर दहा मीटर उंचीला पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोने वाढतो. आपली टाकी डोक्यावर जेमतेम तीन मीटर, म्हणून शॉवरची धार बारीक. फ्लॅट आठव्या मजल्यावर आणि टाकी गच्चीवर, तेव्हा जोर उलट जास्तच येईल. तो कमी करणारा व्हॉल्व्ह बसवलेला आहे, मी पाहिला.

बाबा, सोबत फ्लॅटच्या नकाशाची प्रत पाठवते आहे. लाल पेन्सिलीने रंगवलंय ते कॉलम आणि काँक्रीटच्या भिंती, तिथे ड्रिल लावायचं नाही. बाकी ब्लॉकच्या भिंती आहेत. त्यांत साधा खिळा धरत नाही, लांब प्लग लागतो, तो मी आणून ठेवते. राहायला याल तेव्हा हॉलच्या खिडकीजवळच्या लाल चौकोनावर एकदा टकटक करून बघा आणि मला सांगा.

तुमची,
ताई