बाटलीचं नाव झाकून ठेवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकट्यालाही पाठवता आलं असतं. तरी उघडपणे लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत ते बिअर आवडणाऱ्या आणखी चार लोकांपर्यंत पोहोचावं असं मनापासून वाटतं. ज्या इम्पीरियल स्टाउटसाठी, म्हणजे काळ्या, कडक बिअरसाठी, लोक रांगा लावतात, जिच्या रिकाम्या बाटलीचेही फोटो मिरवतात, ती तुम्ही कितीतरी दिवस जपून ठेवली होतीत. एकट्याने प्यायला असतात तर कोण अडवणार होतं? पण तुम्ही ती सहा जणांत वाटलीत, आणि त्यातल्या दोघांशी तर तुमची धड ओळखही नव्हती. त्या दोघांतली एक मी. बाटली उघडल्याबद्दल आभार आहेतच. पण त्याहून जास्त आभार मानायचे आहेत ते बाटली कागदात गुंडाळून आणल्याबद्दल.

टेबलावर दोन प्रकारच्या बाटल्या होत्या, सगळ्या वर्तमानपत्रात मानेपर्यंत गुंडाळलेल्या. कागदावर पेनाने मोठे आकडे, १ आणि २. एक ती नावाजलेली, बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेली. दुसरी साधी इम्पीरियल स्टाउट, पिंपाचं तोंडही न पाहिलेली. कुठली कोणती हे फक्त तुम्हाला ठाऊक. आमच्या हातात चिठ्ठ्या दिल्यात आणि म्हणालात, “आधी लिहा, मग बोला.”

या एका नियमाने ती संध्याकाळ वेगळी झाली. एकाने ‘व्हॅनिला’ म्हटलं की बाकीच्या पाचांच्या नाकाला व्हॅनिलाच येतो. नाक फार पटकन दुसऱ्याचं ऐकतं. आणि बाटलीवरचं नाव तर कुणी तोंड उघडायच्या आधीच बोलायला लागतं. जिच्याबद्दल वर्षानुवर्षं ‘याहून भारी काही नाही’ असं वाचलंय ती समोर आली की माणूस चव घेत नाही, वाचलेलं आठवत बसतो. मला ते नको होतं, पण ते टाळायचं कसं हे माहीत नव्हतं. तुम्ही एका जुन्या वर्तमानपत्रात ते करून दाखवलंत.

पहिला ग्लास अजून डोळ्यांपुढे आहे. तुम्ही बाटली तिरकी धरून हळूहळू ओतलीत. एरवी बिअर ओतताना येतो तो खळखळाट नव्हताच, जाडसर धार गपचूप उतरत होती. रंग पूर्ण काळा. दिव्यासमोर धरला तेव्हा कडेला कुठे जेमतेम लालसर रेघ दिसली. वर कॉफीच्या रंगाचा फेस आला आणि बघता बघता बसला. बिअर खराब झाली आहे का, असं मी विचारलं, तर तुम्ही समजावलंत की अल्कोहोल इतकं असलं की फेस धरत नाही. ग्लास जरा फिरवला तर काचेवरून थेंब सावकाश, एकेक करून ओघळत होते.

“एक घोट घ्या, लिहा, ग्लास खाली ठेवा.” बाटल्या नुकत्याच फ्रिजमधून काढलेल्या. त्या घोटाला मला फक्त करपलेपण लागलं, तळाशी उरलेल्या काळ्या कॉफीसारखं, आणि मागून कडवट तुरटपणा. चिठ्ठीवर मी एवढंच लिहिलं. मग तुम्ही सगळ्यांना थांबवून ठेवलंत. हलक्या लागर बिअरला जो गारवा शोभतो तो या बिअरचा जीव घेतो, असं तुमचं म्हणणं. थंडीत वास वर येत नाहीत, गोडवा दबतो आणि कडूपणा तेवढा पुढे येतो. १० ते १३ अंश सेल्सिअसच्या आसपास तिला बोलतं करावं लागतं. आम्ही ग्लास तळहातात धरून बसलो.

त्या वाट पाहण्यात तुम्ही जे सांगितलंत, त्यासाठी एक वेगळं पत्र लिहायला हवं. मला वाटायचं, इम्पीरियल हे नाव आजच्या कुठल्या तरी कंपनीने विक्रीसाठी चिकटवलेलं असणार. तुम्ही थेट अठराव्या शतकातल्या लंडनला नेलंत. साउथवर्कमधली थ्रेल यांची अँकर ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, थेम्सच्या दक्षिण काठावरचा. हेन्री थ्रेल गेल्यावर १७८१ मध्ये ती १ लाख ३५ हजार पौंडांना विकली गेली आणि पुढे बार्कली पर्किन्स या नावाने वाढली. विक्रीच्या वेळी मृत्युपत्राचे एक व्यवस्थापक होते शब्दकोशकार सॅम्युअल जॉन्सन. तिथली जोरकस पोर्टर, म्हणजे स्टाउटची पूर्वज असलेली गडद बिअर, रशियाच्या दरबारात जायची. जोसेफ फॅरिंग्टन या चित्रकाराने १७९६ मध्ये रोजनिशीत लिहून ठेवलंय की थ्रेलच्या ब्रुअरीतली पोर्टर प्यायलो, ती रशियाच्या सम्राज्ञीसाठी खास बनवतात आणि सात वर्षं टिकते असं यजमानांनी सांगितलं. ती सम्राज्ञी म्हणजे कॅथरीन द ग्रेट.

इथे तुम्ही जे बोट ठेवलंत ते मला फार आवडलं. ही बिअर कडक का केली, तर रशियाच्या वाटेवर गोठू नये म्हणून, असं सर्रास सांगितलं जातं. तुम्ही विचारलंत, “मग फॅरिंग्टन ती इंग्लंडात बसून का पीत होता?” लोकांना कडक बिअर आवडत होती, म्हणून ती होत होती. एवढं साधं उत्तर असताना बर्फाची गोष्ट लागतेच कशाला!

रंगाचंही तसंच. आज आपण ज्याला काळी बिअर म्हणतो तो काळेपणा डॅनियल व्हीलरच्या १८१७ च्या पेटंटनंतरचा. गोल फिरणाऱ्या पिंपात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, जवळजवळ कोळशासारखा काळा होईपर्यंत, पण जळू न देता भाजायची युक्ती त्याने काढली. त्याआधी पोर्टर तपकिरी माल्टवर चालायची. काळ्या माल्टचा थोडासा वाटाही रंगाला पुरतो, म्हणून बाकी सगळा फिका माल्ट वापरता येऊ लागला. म्हणजे कॅथरीनच्या पेल्यातली बिअर माझ्या हातातल्या ग्लासाइतकी काळी बहुधा नसावी. हे कळल्यावर मी पुन्हा ग्लास उजेडात धरून पाहिला होता, तुमच्या लक्षात असेल.

आणि ती जहाजाची हकीकत! ओलिव्हा नावाचं जहाज १८६९ मध्ये बाल्टिक समुद्रात बुडालं, आणि १९७४ मध्ये समुद्रात बुडी मारणाऱ्यांनी त्यातून बाटल्या वर काढल्या. त्यांवर ए. ल कॉक हे नाव होतं, लंडनची स्टाउट रशियाकडे पाठवणाऱ्या व्यापाऱ्याचं. शंभराहून अधिक वर्षं समुद्राच्या तळाशी!

एव्हाना ग्लास कोमट झाला होता. तुम्ही खूण केलीत. मी आधी नुसता वास घेतला आणि खरंच दचकले. त्याच ग्लासातून आता काळ्या मनुका, खजूर, करपवलेली साखर, ओलं लाकूड आणि व्हॅनिला येत होता, अगदी शेवटी खोबऱ्याची झुळूक. घोट घेतला तर तो जिभेवर पसरला आणि उतरल्यावर छातीत ऊब राहिली. एवढं काही माझ्या एका ग्लासात कधीच आलं नव्हतं. चिठ्ठीवर मी घाईघाईने लिहीत सुटले.

व्हॅनिला घातलाय का, असं मी नंतर विचारलं. त्यात व्हॅनिला नव्हता. अमेरिकेतल्या कायद्याप्रमाणे बर्बन व्हिस्की ओकच्या नव्या, आतून जाळलेल्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही, मग ती पिंपं बिअरवाल्यांकडे येतात. लाकडात व्हिस्की मुरलेली असते. ओकच्या लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य जाळाने तुटतं आणि त्यातून व्हॅनिलिन तयार होतं, म्हणजे व्हॅनिलाच्या शेंगेत असतं तेच. खोबऱ्याचा वास ओकमधल्याच लॅक्टोन नावाच्या द्रव्याचा. शिकागोच्या गूज आयलंडने १९९० च्या दशकात स्टाउट अशा पिंपात घातली आणि तिथून ही लाट उठली. हे ऐकल्यापासून कुठल्याही पिंपातल्या बिअरचा वास घेताना मी आधी लाकूड शोधते, मग व्हिस्की आणि मग खाली दबलेली मूळ स्टाउट. तिसरी सापडली नाही तर माझा त्या बिअरवरचा जीव कमी होतो.

दुसरा ग्लास मात्र इतका पाल्हाळ नव्हता. भाजलेल्या माल्टचा वास, कडू चॉकलेट, हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, सरळ कडूपणा, आणि गोडवा जेवढ्यास तेवढा. पहिल्या घोटाला मी म्हटलं, बरी आहे. चौथ्या घोटाला मला ती पहिलीपेक्षा हवीशी वाटायला लागली. ग्लास संपत आला तेव्हा अजून हवी होती. पहिल्या ग्लासाचं उलट झालं. आरंभी अफाट, आणि अर्ध्यावर आल्यावर गोडव्याने जीभ जड. पुढचा घोट घ्यायला मन घेईना.

कागद काढलेत तेव्हा १ म्हणजे ती नावाजलेली निघाली. चार जणांनी तिलाच वर ठेवलं होतं, तुम्हीसुद्धा. माझी चिठ्ठी वेगळी पडली. नाव दिसल्यावर मला क्षणभर वाटलं की आपला गुण वाढवून टाकावा, आणि तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, “चिठ्ठी बदलू नकोस. का तसं लिहिलंस ते सांग.” मी सांगितलं. तुम्हाला ते पटलं नाही. तुम्ही तुमची बाजू मांडलीत: अशी बिअर ग्लासभर प्यायची नसतेच, दोन घोटांत ती आपलं सगळं देते, आणि ते सगळं दुसरीकडे कुठे मिळत नाही. तरी माझं म्हणणं तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत, मध्ये तोडलं नाहीत, आणि ‘तुला अजून सवय नाही’ हे वाक्य तोंडातून काढलं नाहीत. काका, त्याच वाक्याने मला आजवर कितीतरी ठिकाणी गप्प बसवलं गेलंय. तुमच्यासारखा जाणता माणूस माझ्याशी बरोबरीने भांडला, हे मी विसरणार नाही.

त्यानंतर मी यावर पुष्कळ विचार केला. गाजावाजा खोटा होता असं मी म्हणणार नाही. ती बिअर उत्तम आहे, मेहनतीने केलेली आहे. पण अशा दुर्मिळ बाटल्या बहुतेक वेळा घोट-घोट वाटूनच प्यायल्या जातात. दहा बिअर ओळीने चाखताना जी पहिल्या घोटाला सगळ्यात मोठ्याने बोलते तीच लक्षात राहते, तिलाच भरभरून गुण मिळतात, आणि दुसरी, जिला आपलं म्हणणं मांडायला पूर्ण ग्लास लागतो, ती मागे पडते. त्यात पिंपं मोजकी, बिअर वर्षातून एकदाच बाजारात येणार. इंडियानातल्या थ्री फ्लॉइड्सच्या डार्क लॉर्डसाठी तर वर्षातला एक दिवस ठरलेला असतो आणि लोक लांबून त्या दिवसासाठी जातात. एवढा प्रवास करून आणलेल्या बाटलीला ‘बरी आहे’ म्हणायला कुणाचं मन होईल? म्हणून मला वाटतं, नावाजलेल्या बिअरसोबत एक साधी बिअर नाव झाकून ठेवावी, दर वेळी ठेवावी. हे तुमचंच शिकवणं.

एका गोष्टीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी बोलते. बाटली ७५० मिलीची, १३ टक्क्यांची. तुम्ही आधीच हिशेब सांगून टाकलात: यात पाच टक्क्यांच्या ३३० मिलीच्या जवळजवळ सहा बाटल्यांइतकं अल्कोहोल आहे, आपण सहा जण आहोत, प्रत्येकाने एक साधी बाटली प्यायल्यासारखं होईल, आणि दुसरी स्टाउट वेगळी मोजायची. पाण्याचे जग भरून ठेवले होते आणि गाडी चालवत कुणी आलेलं नाही हे तुम्ही दारातच विचारून घेतलं होतंत. इतकी गोड आणि दाट बिअर चढतेय हे पिताना कळत नाही. ओळख नसलेल्या घरी मी इतक्या निर्धास्तपणे बसू शकले ते यामुळे.

आता राहिलेला वाद. निघताना तुम्ही साध्या स्टाउटची एक बाटली माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, दोन-तीन वर्षं अंधारात, थंड जागी उभी ठेव, मग बघ. वर्षांनी हॉप्सचा कडूपणा मऊ होतो आणि जरा हवा लागून शेरी या वाइनसारखा, सुक्या मेव्याचा वास येतो, हे खरं. पण भाजलेपणाचा, कॉफीचा तो ताजा वास सगळ्यात आधी जातो, आणि मला तर या बिअरमध्ये तोच आवडला. त्यामुळे काका, तुमचा शब्द मोडून ही बाटली मी याच महिन्यात उघडायची म्हणते. तुम्ही आलात तर अर्धी तुमची. वाटल्यास तुमच्याकडची जुनी बाटली सोबत आणा, कागदात गुंडाळून, आणि या वेळी आकडे मी घालते.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली,
चिठ्ठी न बदललेली पाहुणी