शुक्रवारची आरोग्य तपासणी : आठवण

सभासद बंधू-भगिनींनो,

येत्या शुक्रवारी सकाळी ८ ते ११ कँटीनशेजारच्या हॉलमध्ये तपासणी आहे. उपाशीपोटी या, पाणी चालेल. कर्जत-कसारा-विरारहून येणाऱ्यांनी डबा सोबत ठेवावा, रक्त दिल्याबरोबर खाऊन घ्यावं. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. लोकलमधून उतरून, जिने चढून थेट खुर्चीत हात पुढे करू नका. पाच मिनिटं शांत बसा.

"अशा शिबिरांनी होतं काय?" हा गेल्या सभेतला प्रश्न रास्तच होता. २०१० साली हार्वर्डच्या अभ्यासकांनी कामाच्या ठिकाणच्या आरोग्य-कार्यक्रमांवरचे जुने अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा मालकाने त्यांवर घातलेल्या एका डॉलरमागे उपचारखर्चात सुमारे ३.२७ डॉलर वाचताना दिसले. त्यांच्यातल्याच दोघांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका दुकानसाखळीच्या सुमारे ३३,००० कामगारांवरचा, अशाच कार्यक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. दीड वर्षात लोक जास्त व्यायाम करतो म्हणू लागले, पण रक्तदाब, साखर, रजा, खर्च यांत ठळक फरक दिसला नाही.

म्हणूनच नुसत्या तपासणीवर आमचं समाधान नाही. गेल्या वर्षी रिपोर्टची पाकिटं कपाटात पडून राहिली. एकात बीपी १६८/१०४ होतं आणि त्या सभासदाला ते आठ महिन्यांनी कळलं. हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. यंदा पाकीट हातात मिळेल, ते तिथेच उघडून डॉक्टरांशी बोला. कोणाचेही आकडे व्यवस्थापनाकडे जाणार नाहीत, तसं लेखी घेतलं आहे.

रात्रपाळीवाल्यांची रांग वेगळी, ८ वाजताच.

– कार्यकारिणी