नौकांच्या तळाचा रंग : विषाबरोबर पॉलिमरही तपासा

मा. संपादक,

समुद्रात उतरलेल्या नौकेच्या तळावर काही तासांतच जिवाणूंचा पातळ थर बसतो आणि पाठोपाठ शेवाळ, बार्नेकल (घट्ट चिकटून बसणारे कवचधारी जीव), कालवे तिथे ठाण मांडतात. तळ खरबरीत झाला की वेग घटतो आणि डिझेल जास्त जळते, म्हणून मच्छीमारापासून नौदलापर्यंत बहुतेकांना विषारी रंग वापरावे लागतात. या रंगांतील विषाची चर्चा अधूनमधून होते. ते विष धरून ठेवणाऱ्या पॉलिमरची, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाची, मात्र जवळजवळ होतच नाही.

सत्तरच्या दशकात सर्रास वापरात असलेल्या ट्रायब्युटिलटिनयुक्त (कथिलाचे एक विषारी संयुग असलेल्या) रंगांमुळे फ्रान्समधील आर्काशाँच्या उपसागरात कालवांची पैदास कोलमडली आणि त्यांचे शिंपले विकृत, जाड होऊ लागले. फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर हे रंग वापरण्यास बंदी घातली. त्यांना मनाई करणारा जागतिक करार मात्र २००१ मध्ये झाला आणि अंमलात आला २००८ मध्ये. या पाव शतकात आपला किनाराही सुटला नाही. पश्चिम किनाऱ्यावरील पाणी, गाळ आणि प्राणी यांत या वर्गातील संयुगे आढळल्याचे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी नोंदवले आहे.

आज त्या जागी तांबे, जस्त किंवा सिलिल (सिलिकॉनयुक्त) गट जोडलेले अ‍ॅक्रिलिक रंग आहेत. खाऱ्या पाण्यात त्यांच्या रेणूच्या बाजूच्या शाखा तुटतात आणि वरचा थर हळूहळू झिजून पृष्ठभाग नवा होत राहतो. परंतु कार्बनची मुख्य साखळी तुटत नाही, ती समुद्रातच राहते. शिवाय ही झीज नौकेच्या चालण्यावर बरीच अवलंबून असल्याने मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरात दिवसचे दिवस उभ्या राहणाऱ्या नौकांना तिचा पुरता लाभ मिळत नाही.

पॉलिकॅप्रोलॅक्टोनसारख्या विघटनशील पॉलिएस्टरचे तुकडे मुख्य साखळीतच गुंफलेले पॉलियुरेथेन हे दुसरे पॉलिमर येथे उपयोगी ठरू शकते, कारण त्याची साखळीच पाण्याने आणि जिवाणूंच्या विकरांनी तुटते आणि उभ्या नौकेचा पृष्ठभागही नवा होत राहतो. निव्वळ पॉलिकॅप्रोलॅक्टोन स्फटिकी असल्याने तळाला नीट चिकटत नाही, म्हणून अशी जोडणी करावी लागते. मात्र विघटनशील म्हणजे आपोआप निरुपद्रवी, असे मी मुळीच मानत नाही. अशा रंगांतही अनेकदा तांबे किंवा अन्य जैवनाशके (जीव मारणारी द्रव्ये) मिसळलेली असतात.

झिजण्याचा वेग पाण्याच्या तापमानावर ठरतो आणि आपल्या खाड्यांची क्षारता तर पावसाळ्यात एकदम उतरते, त्यामुळे थंड समुद्रातील चाचण्यांचे आकडे येथे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. अंबरनाथची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा आणि गोव्याची वरील संस्था यांनी मत्स्यव्यवसाय विभागाच्या साहाय्याने कोकणातील बंदरांत असे रंग लावलेले पत्रे किमान एक पावसाळा धरून पाण्यात ठेवावेत, आणि त्यांतून सुटणाऱ्या द्रव्यांचा कालवे व तिसऱ्या (खाडीतले लहान शिंपले) यांच्या पिल्लांवर होणारा परिणामही त्याच वेळी तपासावा, कारण हेच जीव खाडीकाठच्या लोकांच्या ताटात येतात.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी