वाटपाआधी यादी हवी

संपादक महोदय,

सण जवळ आला की आपल्या स्थानिक पानावर वाटपाच्या बातम्या येऊ लागतात. अमुक क्लबतर्फे बालगृहात खाऊ, तमुक मंडळातर्फे वृद्धाश्रमात ब्लँकेट, आणि सोबत पदाधिकाऱ्यांचे छायाचित्र. यामागची कळकळ खोटी नसते. पण बातमीत दिसत नाही ती गोष्ट अशी, की ऐन सणाच्या दिवशी एकाच बालगृहात चार-पाच गट येऊन जातात. सगळे बिस्किटे आणि रंगपेट्याच आणतात, प्रत्येक गटासमोर मुलांना नव्याने गाणे म्हणावे लागते. त्याच बालगृहाला मोठ्या मुलींसाठी सॅनिटरी नॅपकिन, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या मापाचे बूट आणि बिघडलेल्या पंपाची दुरुस्ती हवी असते. ते कुणी देत नाही, कारण कुणी विचारलेलेच नसते.

बहुतेक क्लब आधी निधी ठरवतात, मग वस्तू, आणि शेवटी त्या घेणारे शोधतात. हा क्रम उलटा करायला हवा. अमेरिकेत व्हर्जिनियातील लिंचबर्ग येथे १९७९ साली साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या कार्यकर्त्यांनी नाताळात नेमके हेच केले. गरजू मुलांना काय हवे ते कार्डांवर लिहून कार्डे झाडाला टांगली. देणाऱ्याने एक कार्ड उचलायचे आणि तीच वस्तू आणायची. ‘एंजल ट्री’ नावाची ही पद्धत आजही चालू आहे. ती टिकली, कारण त्यात यादी आधी येते.

यादी सणाच्या सहा ते आठ आठवडे आधी करावी. ती करण्यातही एक खोच आहे. संस्थेला फोन करून ‘तुम्हाला काय हवंय?’ विचारले की ‘तुम्ही द्याल ते’ असेच उत्तर येते. नकार दिला तर पुढच्या वेळी माणसे फिरकणार नाहीत, ही भीती त्यामागे असते. म्हणून प्रश्न वेगळे विचारावेत. कोणत्या वयाचे किती जण आहेत? गेल्या महिन्यात काय संपले? मागच्या सणाला काय जास्त झाले? ठेवायला कोरडी जागा किती आहे? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातूनच कळते, की शंभर ब्लँकेट एकदम पाठवायची की दोन हप्त्यांत.

खेळणी गोळा करणाऱ्यांनी तीन पथ्ये पाळावीत. पहिले, खेळणी वेष्टनात गुंडाळून घेऊ नयेत. वेष्टन असले की आत काय आहे आणि ते कोणत्या वयाला चालेल हे कळत नाही, शेवटी सगळी पाकिटे फोडावी लागतात. कागद आणि फिती वेगळ्या द्याव्यात. आपल्या मुलासाठी भेट निवडून बांधण्याचा आनंद पालकांना मिळू द्यावा. दुसरे, तीन वर्षांखालील मुलांसाठी सुटे भाग तपासावेत. प्रयोगशाळेत त्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचे नळकांडे वापरतात. त्यात जो तुकडा पूर्ण मावतो तो बाळाच्या घशात अडकू शकतो. वर्गवारीच्या टेबलावर टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी चालते. ती थोडी रुंद असते, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते. बटण सेलची खेळणी स्क्रूने बंद होणाऱ्या झाकणाची नसतील तर सरळ बाजूला काढावीत. गिळलेला लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर इजा करू शकतो. तिसरे पथ्य मोठ्या मुलांचे. बाहुल्या आणि गाड्यांचा ढीग लागतो, तेरा ते सतरा वयोगटाच्या खोक्यात मात्र फारसे काही पडत नाही. त्यांच्यासाठी देणगीतला काही भाग आधीच राखून ठेवावा: चांगली पाठपिशवी, इअरफोन, चेंडू, घड्याळ, मापाची चिंता नसलेले काहीही.

आता शिधा. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ‘एका कुटुंबाला एक किट’ हे माप फसवे आहे, कारण किट किती माणसांना किती दिवस पुरेल हेच कुणी सांगत नाही. आपत्तीच्या काळात जागतिक संस्था माणशी दिवसाला सुमारे २,१०० किलोकॅलरी धरतात. त्यासाठीच्या शिध्यात साधारण ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम कडधान्य आणि २५ ग्रॅम तेल हा गाभा असतो. चार माणसांना सात दिवस म्हणजे ११ किलो २०० ग्रॅम धान्य, जवळपास १ किलो ७०० ग्रॅम कडधान्य आणि ७०० ग्रॅम तेल. म्हणजे दोन किलो धान्य आणि पाव किलो साखरेचे ‘कुटुंब किट’ हे कुटुंबाचे दीड दिवसाचेही जेवण नव्हे. तेवढेच देणे शक्य असेल तर द्यावे, पण पाकिटावर आठवड्याचा शिधा असे छापू नये.

किट दोन प्रकारचे करावे लागते हेही विसरले जाते. ज्याच्याकडे चूल नाही, रस्त्यावर किंवा रात्रनिवाऱ्यात जो झोपतो, त्याला कच्चे धान्य देऊन उपयोग नाही. त्याला तसेच खाता येईल असे आणि हाताने उघडेल अशा वेष्टनातले हवे. घरी स्वयंपाक होणाऱ्यांना कच्चा शिधा. दोन्ही किटच्या पिशव्यांचा रंग वेगळा ठेवला की वाटपाच्या गर्दीत अदलाबदल होत नाही.

भरण्याची पद्धत कारखान्यासारखी ठेवावी. लांब टेबल, एका बाजूने रिकामी पिशवी येते, प्रत्येक माणूस एकच वस्तू टाकतो. जड तळाशी, मऊ वर. साबण आणि धुण्याची पावडर पिठाच्या पिशवीत कधीही टाकू नये. दोन दिवसांत पिठाला वास लागतो आणि मग ते खाल्ले जात नाही. तेलाची पिशवी वेगळ्या प्लास्टिकमध्ये गाठ मारून उभी ठेवावी. एक पिशवी फुटली तर खालची चार किट जातात. प्रत्येक वस्तूवरची वापराची मुदत वाटपाच्या दिवसापासून निदान तीन महिने पुढची असावी. त्याआधी संपणारे वेगळ्या खोक्यात काढून लगेच खपेल अशा स्वयंपाकघराला द्यावे. खोकी भरताना वजन दहा-बारा किलोंपुढे नेऊ नये. टेम्पो भरणाऱ्या स्वयंसेवकाची कंबर दुसऱ्या दिवशीही लागणार असते.

टेबलाच्या शेवटी वजनकाटा ठेवा. हे क्वचितच कुणी करते. पहिली पाच किट हाताने मोजून बिनचूक भरा, त्यांचे वजन लिहून ठेवा. पुढचे प्रत्येक किट काट्यावर जाते. पाऊण किलोने कमी आले तर तेलच राहिले असणार. मसाल्याचे छोटे पाकीट किंवा काडेपेटी काट्याला कळणार नाही, म्हणून अशा हलक्या वस्तू आधीच मोजून गठ्ठे करावेत. तीनशे किटसाठी तीनशे पाकिटे आणलीत आणि शेवटी चार उरली, तर चार किटमध्ये ती नाहीत.

वाटपाच्या दिवसाचे गणितही आधी मांडता येते. नाव तपासून, सही किंवा अंगठा घेऊन किट देण्यास माणशी दोन मिनिटे लागतात. दोन खिडक्यांवर तीनशे कुटुंबे म्हणजे पाच तास. उन्हात लहान मुलांसह पाच तास उभे राहणाऱ्या माणसाला आपण काय दिले, याचा विचार करावा. चार खिडक्या केल्या तर अडीच तासांत काम उरकते. त्यातही दर पंधरा मिनिटांना तीस टोकन, टोकनवर वेळ छापलेली, असे केले की रांग तीस माणसांपेक्षा फारशी लांबत नाही. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि अपंगांसाठी एक खिडकी राखावी, पण ती शेवटची नको, आत शिरताना पहिली लागेल अशी हवी. भाषणे वाटपानंतर करावीत. तेव्हा श्रोते कमी उरतील हे खरे, पण थांबतील ते स्वतःच्या मर्जीने.

शिजवलेले अन्न वाटणाऱ्यांना जागतिक आरोग्य संघटनेचे साधे नियम पुरतात: मधोमध ७० अंश सेल्सिअसपर्यंत शिजवा, वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवा, खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नका. घोळ होतो तो रात्रीच शिजवून सकाळी वाटताना. मोठे पातेले झाकून ठेवले की मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. भातात बॅसिलस सेरिअस या जिवाणूचे बीजाणू शिजल्यावरही जिवंत असतात, आणि त्यांनी सोडलेले एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. आधी शिजवणे अटळच असेल तर अन्न उथळ परातींत पाच सेंटिमीटरहून कमी थरात पसरून लवकर गार करावे आणि शीतपेटीत ठेवावे. नाहीतर सकाळी लवकर उठावे. सोपा उपाय तोच.

रक्तदान शिबिरांबाबत एक मुद्दा. सणाच्या दिवशी विक्रमी बाटल्या जमवणे रक्तपेढीच्या सोयीचे नसते. रक्तातल्या लाल पेशी साठवणीसाठी वापरलेल्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी साधारण पाचच दिवस. एका दिवसात पाचशे जणांनी रक्त दिले तर प्लेटलेटचा मोठा वाटा वाया जाण्याची भीती असते, आणि ते पाचशे जण पुढचे दोन-तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ पुन्हा देऊ शकत नाहीत. सुट्टीत नेहमीचे रक्तदाते गावाला जातात. तुटवडा सुट्टीच्या शेवटी जाणवतो. तेव्हा एकच शिबिर भरवण्याऐवजी ते तीन-चार तारखांत विभागावे, आणि तारखा रक्तपेढीनेच ठरवाव्यात.

जुने चष्मे आणि उरलेली औषधे यांबद्दल थोडक्यात. लायन्स क्लबचे अंधत्व निवारणाचे काम जुने आहे. १९२५ साली हेलन केलर यांनी त्यांच्या अधिवेशनात आवाहन केले तिथून ते वाढले. पण गल्लीतल्या क्लबने पेटी ठेवून जुने चष्मे जमवले म्हणून ते तसेच वाटता येत नाहीत. प्रत्येकाचा नंबर यंत्रावर मोजावा लागतो, आणि दोन डोळ्यांचे वेगवेगळे नंबर नेमके जुळणारा माणूस क्वचित सापडतो. चाळिशीच्या वाचकांना नेत्रतपासणीनंतर नवे तयार वाचनाचे चष्मे देणे स्वस्त पडते. औषधांचा नियम तर कडकच आहे: कुणाच्या घरातली उघडलेली किंवा उरलेली औषधे घेऊ नयेत. दान म्हणून आलेल्या औषधांची मुदत पोहोचताना निदान एक वर्ष शिल्लक असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

पैशांबाबत दोन गोष्टी. दानपेटी उघडताना दोन माणसे, तीही एका घरातली नसलेली. मोजणी तिथेच लिहून दोघांच्या सह्या, आणि रक्कम पुढच्या कामाच्या दिवशी बँकेत. दुसरे, वाहतूक, पिशव्या आणि चिकटपट्टी यांचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहावा. ‘सगळे पैसे गरजूंपर्यंत’ अशी जाहिरात करून टेम्पोचे भाडे गुपचूप एखाद्या सदस्याच्या खिशातून जाते, आणि पुढच्या वर्षी तो सदस्य येत नाही.

शिकागोत १९०५ साली सुरू झालेल्या पहिल्या रोटरी क्लबच्या सुरुवातीच्या सार्वजनिक कामांत शहरातील सार्वजनिक शौचालयांचा पाठपुरावा होता. सणाशी त्याचा काही संबंध नव्हता, छायाचित्रालाही तो विषय फारसा बरा नाही. क्लबांत वीजतंत्री, प्लंबर, हिशेबनीस, दंतवैद्य असतात. वृद्धाश्रमातल्या न्हाणीघरात पकडायला दांडे बसवणे, वसतिगृहाच्या वीजजोडणीची तपासणी, संस्थेचे वर्षाचे हिशेब लावून देणे ही कामे सण ओसरल्यानंतरच्या रिकाम्या महिन्यांत करता येतात आणि त्यांना पैसाही कमी लागतो.

आपल्या दैनिकाकडे एक मागणी आहे. सणाच्या सहा आठवडे आधीपासून दर आठवड्याला एक चौकट द्यावी. त्यात संस्थेचे नाव, हवी असलेली वस्तू किंवा काम, नग आणि मापे, पोहोचवण्याची शेवटची तारीख आणि भेटीची वेळ असावी. ‘काय आणू नये’ असा एक रकाना जरूर ठेवावा. संस्था तोंडाने सांगत नाहीत ते छापून आले तर चालते. एखादी मागणी पूर्ण झाली की पुढच्या अंकात तिच्यावर काट मारावी, म्हणजे दुसरा क्लब तेच घेऊन जाणार नाही. वाटपाची छायाचित्रे छापायचीच असतील तर मुलांचे चेहरे दिसणार नाहीत अशी घ्यावीत आणि मोठ्यांची आधी संमती विचारावी. वाटपाच्या रांगेत उभे असताना विचारलेली संमती मात्र धरू नये.

आपला,
एक क्लब कार्यकर्ता