सोरायसिस : कोलेस्टेरॉलही तपासा

सोरायसिसच्या रुग्णाला मलम मिळते, रक्तदाब मोजायचा मात्र राहून जातो. हा आजार नुसता कातडीचा नाही. त्यातला जुनाट दाह रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही पोखरतो. अमेरिकेतील २०१८च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांनी सोरायसिसला हृदयविकाराचा धोका वाढवणारा घटक मानले, ते यामुळेच. चट्ट्यांचा पसारा रुग्णाच्याच तळहाताने मोजता येतो : बोटांसह एक तळहात म्हणजे अंदाजे १ टक्का त्वचा. चट्टे दहा तळहातांएवढे असतील, तर लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी), साखर, कंबरेचा घेर तपासायलाच हवेत. सोरायसिसच्या औषधांचेही पाहावे : अ‍ॅसिट्रेटिनने ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक चरबी) चढतात, सायक्लोस्पोरिनने रक्तदाब. सायक्लोस्पोरिनच्या जोडीला काही स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे) घेतल्यास स्नायूंना इजा होऊ शकते. म्हणून त्वचेच्या आणि हृदयाच्या, दोन्ही डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवाव्यात.